जोडीदाराच्या दुखण्याची वही

तोंडाच्या, जिभेच्या किंवा घशाच्या कॅन्सरचा शेवटचा शेक, म्हणजे किरणोपचार, झाला की घरच्यांना वाटतं, सुटलो एकदाचे. भोकरहून नांदेड, लातूर, बार्शी नाहीतर थेट मुंबई असे हेलपाटे झालेले असतात. सहा-सात आठवडे कुठल्या तरी धर्मशाळेत किंवा नातेवाइकाच्या खोलीत काढलेले असतात. माणूस घरी येतो आणि पुढच्याच आठवड्यात दुखणं असं उसळतं की स्वतःची थुंकी गिळतानाही डोळ्यांतून पाणी येतं. "शेक संपला, मग आता का दुखायलंय?" असं बायको विचारते, नवरा विचारतो, आणि उत्तर द्यायला जवळ कुणी नसतं. गावातला डॉक्टर फाईल बघूनच हात लावायला कचरतो.

किरणांचं काम मशीन बंद झालं म्हणून त्याच दिवशी थांबत नाही. तोंडाच्या आतलं अस्तर शेकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून सोलवटायला लागतं. शेवटच्या आठवड्यात आणि उपचार संपल्यावरही आठ-पंधरा दिवस ते सगळ्यात वाईट अवस्थेत असतं, मग सावकाश भरत येतं. बहुतेकांचं तोंड दीड-दोन महिन्यांत बऱ्यापैकी निवळतं. शेकाबरोबर किमोही चालली असेल तर जखमा जास्त होतात आणि भरायला वेळ लागतो. तेव्हा घरी आल्यावर दुखणं वाढलं म्हणजे उपचार वाया गेले, असा अर्थ काढू नका. पण 'चालायचंच, सोसा थोडे दिवस' असंही म्हणू नका. हे दुखणं औषधानं पुष्कळ कमी करता येतं आणि ते कमी करून मागणं हा रुग्णाचा हक्क आहे.

हे एवढं ठासून लिहायचं कारण आपल्या घराघरांत दिसतं. देशातल्या पुरुषांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर तोंडाचा, आणि त्यामागे बहुतेक वेळा तंबाखू, गुटखा, खर्रा, मिसरी यांपैकी काहीतरी असतं. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी टपरीवर काय मिळतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. घरातले, भेटायला येणारे, कधीकधी दवाखान्यातलेसुद्धा बोलून जातात, "खाल्ली ना तंबाखू, आता भोगा." हे ऐकलेला माणूस मग कण्हायचंही बंद करतो. आपल्याला तक्रार करायचा हक्कच नाही असं त्याच्या मनात बसतं. शरद पवारांवर २००४ साली तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली, आणि आपल्या तंबाखूच्या सवयीबद्दल ते जाहीरपणे बोलत आले आहेत. तसं उघड बोलणं आपल्या घरात व्हायला हवं. दोष देण्याची वेळ गेली, आता दुखतंय किती आणि कुठे एवढंच विचारा.

बाई आजारी असेल तर हे लपवणं आणखी वाढतं. मिसरी लावणाऱ्या कितीतरी बायकांना हा आजार होतो, आणि उपचारांनंतर पंधरा दिवसांत त्या चुलीपुढे बसलेल्या दिसतात. नवऱ्याला वाटतं, काम करायली म्हणजे बरी झाली असेल. तिचं दुखणं तिच्या कामावरून मोजू नका. ती भाकरी थापते पण खाते का, गिळताना मान वाकडी करते का, रात्री उठून बसते का, ते बघा.

बोलता न येणाऱ्याचं दुखणं

या कॅन्सरचं एक वेगळेपण आहे. पोटाचा, पायाचा आजार असलेला माणूस निदान सांगू तरी शकतो. इथे जीभ कापलेली असते, जबड्याचा तुकडा काढलेला असतो, गालाला छातीचं किंवा पायाचं मांस लावलेलं असतं, नाकात नळी असते, कुणाच्या गळ्याला श्वासासाठी भोक पाडलेलं असतं. बोललेलं कळत नाही म्हणून तो बोलणंच सोडतो. ओपीडीत रांग मोठी, डॉक्टरांकडे मोजकी मिनिटं. त्यांनी "कसं आहे?" विचारलं की रुग्ण मान हलवतो, सोबतचा भाऊ "बरं आहे" म्हणतो आणि जुन्याच गोळ्या पुन्हा लिहून मिळतात. रात्रभर जागलेली बायको बाहेर बाकावर पिशवी सांभाळत बसलेली असते. आत जायला हवी ती तीच. दुखण्याची खरी हकीकत तिच्याजवळ असते.

ती हकीकत तोंडी नेण्यापेक्षा लिहून न्या. भोकर तालुक्यातल्या एका घरात अशी वही बघायला मिळाली. मुलाची जुनी शाळेची वही, मागच्या कोऱ्या पानांवर रेघा मारलेल्या. बाई चौथी शिकलेली, भराभर लिहिता येत नव्हतं, म्हणून तिने चित्रं ठरवली होती. आग होते तिथे मिरची, करंट बसल्यासारखं होतं तिथे वीज, ठणका लागतो तिथे दगड. पानाच्या वरच्या बाजूला एक वेडंवाकडं तोंड आणि मान काढलेली. नवरा बोटाने जागा दाखवायचा, ती तिथे चित्र काढायची आणि शेजारी वेळ टाकायची. आकडा विचारायची तो आण्यांत. जुन्या माणसांना शून्य ते दहा समजत नाही, पण सोळा आण्यांपैकी किती आणे दुखतंय ते बरोबर सांगता येतं. डॉक्टरांनी ती पानं उलटली आणि बघितलं की वीज रोज रात्री डाव्या कानामागेच पडते. ते नसेचं दुखणं होतं, त्याला साधी वेदनाशामक गोळी पुरत नव्हती. त्यांनी नसेवरचं वेगळं औषध सुरू केलं.

दुखण्याचे हे प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत, कारण प्रत्येकाचा इलाज वेगळा. तोंडातल्या जखमांची आग खाता-पिताना वाढते आणि शेक संपल्यावर काही आठवड्यांत उतरते. शस्त्रक्रियेत किंवा गाठीमुळे नस दुखावली असेल तर मुंग्या, झटके, जळजळ, बधिरपणा असं विचित्र मिश्रण होतं. त्यावर गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अॅमिट्रिप्टिलीन यांसारखी औषधं देतात. ही औषधं फिट येणाऱ्याला किंवा मन उदास असणाऱ्यालाही देतात, त्यामुळे मेडिकलवाल्याने तसं काही सांगितलं तर घाबरून बंद करू नका. त्यांचा गुण यायला काही दिवस जातात. मानेतल्या गाठी काढताना खांद्याच्या नसेला धक्का लागतो, मग हात वर जात नाही आणि खांदा रात्रभर ठणकतो. तिथे गोळीपेक्षा व्यायाम महत्त्वाचा. आणि जबडा आखडल्याचं दुखणं तर कित्येक महिन्यांनीही सुरू होतं.

वहीत दुखण्यासोबत आणखी चार गोष्टी येऊ द्या: गोळी किती वाजता दिली, त्यानंतर किती वेळ बरं वाटलं, झोप किती झाली, संडास झाली का. यावरून डॉक्टरांना डोस ठरवता येतो.

अफूच्या गोळीची भीती

दुखणं जोरात असेल तर डॉक्टर मॉर्फिन लिहून देतात. इथे बहुतेक घरांत भांडण होतं. कुणी म्हणतं ही अफू आहे, चटक लागेल. कुणी म्हणतं ही शेवटची गोळी, म्हणजे आता काही खरं नाही. दोन्ही समजुतींमुळे माणसं विनाकारण तळमळतात.

मॉर्फिन अफूपासून काढतात हे खरं आहे, आणि औषधासाठीची अफू आपल्याच देशात, मध्य प्रदेश-राजस्थानच्या पट्ट्यात सरकारी परवान्याने पिकते. तरीही वर्षानुवर्षं ते औषध आपल्या रुग्णांना मिळालं नाही. १९८५ साली अंमली पदार्थविरोधी कायदा आला, परवान्यांची कटकट इतकी वाढली की दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडलं आणि १९९७ साली साऱ्या देशाचा मॉर्फिनचा वापर १८ किलोवर आला. खरं तर कायदा आल्यानंतर पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या दुखण्यावर पायरी-पायरीने औषध देण्याची पद्धत जाहीर केली होती, तिच्या वरच्या पायरीवर मॉर्फिनच आहे. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्यांनी या कायद्याशी अनेक वर्षं झुंज दिली, तेव्हा २०१४ साली तो बदलला. आता मॉर्फिन, फेंटानिलसह सहा औषधं 'अत्यावश्यक' धरली जातात आणि मान्यता मिळालेल्या रुग्णालयाला ती ठेवता व देता येतात. एवढं सगळं लिहिण्याचं कारण असं की ही गोळी मागताना तुम्ही काही चोरटं मागत नाही आहात.

दुखण्यासाठी, डॉक्टरांनी ठरवलेल्या मापाने घेतलेल्या मॉर्फिनची चटक क्वचित लागते. शरीराला सवय होते हे वेगळं. त्यामुळे दुखणं थांबलं तरी गोळी एकदम तोडायची नाही, डॉक्टर सांगतील तशी उतरवत आणायची. शेकाच्या जखमा भरल्यावर कितीतरी जण मॉर्फिनमधून पूर्ण बाहेर पडतात. ही गोळी मरणाच्या जवळ आल्याची खूणही नाही. दुखणं किती आहे त्यावर ती देतात, आयुष्य किती उरलं त्यावर नव्हे.

साध्या मॉर्फिनचा असर चार तास टिकतो, म्हणून ती घड्याळाप्रमाणे द्यायची. 'दुखलं तर देऊ' हे इथे चालत नाही. गंजीला लागलेली आग ठिणगी असताना एका बादलीत विझते, भडकल्यावर टँकरही पुरत नाही. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा असं साधारण वेळापत्रक असतं. रात्री दहाचा डोस बरेच डॉक्टर दुप्पट ठेवतात, म्हणजे मध्यरात्री दोनला उठवावं लागत नाही. मधेच कळ आली तर द्यायचा जादा डोस किती, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. तो दिवसातून तीन-चारदा लागायला लागला तर मूळ डोस कमी पडतोय असं समजून फोन करा. स्वतःच्या मनाने वाढवू नका, आणि 'आज बरं दिसतंय' म्हणून गाळूही नका.

नळीतून औषध जात असेल तर साधी गोळी दोन चमच्यांमध्ये दाबून बारीक करा, कोमट पाण्यात नीट विरघळवा, आधी थोडं पाणी, मग औषध, मग पुन्हा पाणी असं सोडा. सगळ्या गोळ्या एकत्र कुटू नका, नळी तुंबते. पाकिटावर 'एसआर' किंवा 'रिटार्ड' असेल तर ती गोळी कधीही फोडायची नाही. बारा तासांत सावकाश उतरणारं औषध एकदम अंगात जातं आणि जिवावर बेततं. अशी गोळी चुकून लिहिली गेली असेल तर नळी आहे हे सांगून बदलून घ्या.

काहींना फेंटानिलची पट्टी देतात. ती तीन दिवस चालते, लावल्यावर असर यायला अर्धा दिवस तरी लागतो. पट्टीवर गरम पाण्याची पिशवी, शेक, उन्हाची झळ लागू देऊ नका. उष्णतेने औषध जास्त वेगाने आत जातं. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत काय होतं ते वेगळं सांगायला नको, तेव्हा रुग्णाची खाट घरातल्या सगळ्यात गार जागी हलवा. अंगात ताप असेल तरी कळवा. जुनी पट्टी काढल्याशिवाय नवी लावू नका, आणि काढलेली पट्टी चिकट बाजू आत करून दुमडून मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाका.

मॉर्फिनचा हमखास होणारा त्रास म्हणजे मलावरोध. तो होणारच असं धरून पहिल्याच दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध मागा. इसबगोल देऊ नका. पाणी कमी पिणाऱ्या माणसाच्या पोटात त्याचा गोळा बसतो. पहिले काही दिवस मळमळ होते, त्यावर गोळी मिळते. पहिले दोन-तीन दिवस माणूस खूप झोपतो, कारण बहुधा कित्येक रात्रींची झोप बाकी असते. हाक मारल्यावर जागा होतो, ओळखतो, श्वास नेहमीसारखा आहे, तर झोपू द्या. पण हलवूनही जागा होत नसेल, श्वास मिनिटाला आठ-दहाच्या खाली गेला असेल, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकासारख्या झाल्या असतील, तर पुढचा डोस थांबवा आणि १०८ ला फोन करा. लघवी कमी झाली असेल तरी लगेच सांगा. मूत्रपिंड मंदावलं की हे औषध अंगात साचतं. आणि दारू अजिबात नको, ना आधी ना नंतर.

ही गोळी बहुतेक मेडिकलमध्ये मिळत नाही. जिथे उपचार झाले तिथेच 'पॅलिएटिव्ह केअर' विभाग किंवा वेदना विभाग कुठे आहे ते विचारा. मुंबईच्या टाटा रुग्णालयात तो स्वतंत्र विभाग आहे, हैदराबादच्या एमएनजे कॅन्सर रुग्णालयातही आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून मोफत काळजी घेतं आणि तिथे घरच्या माणसाला सोबत ठेवून ड्रेसिंग, नळी, औषधं शिकवतात. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, लातूरचं विवेकानंद रुग्णालय, यांपैकी जिथे तुमची फाईल आहे तिथे हाच प्रश्न करा. गोळ्या संपायच्या आत आठवडाभर आधी निघा. दिवाळी, लग्नसराई, सोयाबीनची काढणी, यांत तारीख चुकते आणि मग रात्री बारा वाजता पाकीट रिकामं निघतं. गोळ्या कुलपात ठेवा, मोजून ठेवा, शेजारच्याच्या कंबरदुखीला देऊ नका.

एक इशारा गावातल्या इंजेक्शनबद्दल. दुखतंय म्हटलं की डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन टोचून घ्यायची आपली सवय आहे. किमोमध्ये सिस्प्लॅटिन दिलेलं असेल तर मूत्रपिंड आधीच ताणलेलं असतं, त्यात जेवण-पाणी कमी. अशा वेळी ही इंजेक्शनं आणि 'अंगदुखीच्या' गोळ्या मूत्रपिंड बिघडवू शकतात. कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नको.

तोंड, ताट आणि नळी

औषधाइतकाच फरक तोंड धुण्याने पडतो, आणि तो फुकट आहे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चमचाभर खायचा सोडा आणि अर्धा चमचा मीठ. रोज ताजं करा. जागेपणी दर दोन-तीन तासांनी, खाल्ल्यावर आणि झोपण्याआधी या पाण्याने चुळा भरायच्या. बाजारातले झोंबणारे माउथवॉश नकोत, त्यांत अल्कोहोल असतं. दात घासायला लहान मुलांचा मऊ ब्रश घ्या. राखुंडी, मिसरी, मीठ-लिंबू काहीही लावू नका. डॉक्टरांनी तोंड बधिर करणारं जेल दिलं असेल तर जेवणाच्या दहा-पंधरा मिनिटं आधी लावा, पण त्या वेळी घास गरम नको आणि घाईही नको, कारण भाजलेलं किंवा ठसका लागलेलं कळत नाही. जिभेवर दह्यासारखे पांढरे थर दिसले आणि आग अचानक वाढली तर ती बुरशी असू शकते. तिचं औषध सोपं आहे, फक्त डॉक्टरांनी तोंड बघायला हवं.

जेवणाच्या बाबतीत बायका स्वतःला फार त्रास करून घेतात. "एवढं केलं, खाऊ वाटंना गेलंय यांना." त्याला चव लागत नाही, थुंकी आटलेली असते, प्रत्येक घास काचेसारखा टोचतो. आग्रह करू नका. औषधाचा असर सुरू झाल्यावर, म्हणजे डोसनंतर अर्ध्या-पाऊण तासाने, ताट समोर ठेवा, थोडं थोडं आणि पुष्कळ वेळा. येसराची आमटी, ठेचा, लिंबू, टोमॅटो सध्या बाजूला. मऊ भात तूप घालून, गाळलेलं वरण, दुधातली ज्वारीची पेज, शिरा, अंडं चालत असेल तर ते पातळ उकडून कुस्करलेलं. अर्धापूरची पिकली केळी दुधात फिरवून दिली तर बहुतेकांना उतरतात. आंबील आंबट असल्याने झोंबते, तोंड भरल्यावर द्या. वजन दर आठवड्याला वहीत लिहा. कपडे सैल दिसायला लागले आणि घोटही जात नसेल तर नाकातली नळी हा पराभव समजू नका. ती बहुधा काही आठवड्यांचीच सोय असते. नळीतून देताना माणूस बसलेला किंवा पाठ उंच केलेली हवी, दिल्यावर अर्धा तास आडवं करू नका, आणि शेवटी पाणी सोडून नळी धुवा.

शेकाने काळवंडलेल्या मानेवर हळद, तेल, कडुलिंबाचा लेप, काहीच नको. दाढीला ब्लेड नको. जुन्या धोतराचा किंवा मऊ सुती साडीचा तुकडा गळ्याभोवती सैल ठेवा, शर्टाची कडक कॉलर कापून टाकली तरी चालेल.

जबड्याचा व्यायाम मात्र दुखतं म्हणून सोडू नका. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये घालायच्या, काही सेकंद धरायच्या, काही दिवसांनी एक काडी वाढवायची. किती काड्या जातात ते वहीत. गोळी दिल्यानंतर तासाभराने केला तर सोपा जातो. आणि एक गोष्ट आयुष्यभर लक्षात ठेवायची: शेक घेतलेल्या जबड्यातला दात कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपटायचा नाही. ते हाड भरून न येता सडू शकतं, आणि त्याचं दुखणं आधीच्या सगळ्या दुखण्यांना मागे टाकतं.

प्रवासाआधीही विचार करा. भोकर ते नांदेड पन्नास-पंचावन्न किलोमीटरच, पण ताज्या जखमेला प्रत्येक धक्का कळतो. निघण्याच्या तासभर आधी डोस बसेल असं वेळापत्रक ठेवा, जादा डोस, पाणी आणि मऊ उशी हाताशी. मुंबईला जायचं तर रुग्णालयाकडून रेल्वे सवलतीचा फॉर्म आधीच भरून घ्या. उपचार आणि तपासणीच्या प्रवासात कॅन्सर रुग्णाला शयनयान आणि तृतीय वातानुकूलित डब्यात भाडं पूर्ण माफ असतं आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. एसटीतही रुग्णाला सवलत आहे.

घरातलं माणूस

कॅन्सर ताटातून, तांब्यातून, अंथरुणातून लागत नाही. तरी कितीतरी घरांत वेगळं ताट येतं, मग वेगळी खोली. लंडनला १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स सांगायच्या की दुखणं एकट्या शरीराचं नसतं. मन, घर, पैसा, देवावरचा राग हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. वेगळ्या ताटानं झालेली जखम कुठल्याच गोळीने भरत नाही. त्याच खोलीत झोपा. चेहरा बदललाय, लाळ गळते, जखमेला वास येतो, हे तुम्हाला दिसतं तसं त्यालाही कळतं. वासावर औषध आहे, जखमेवर मेट्रोनिडाझोलची पूड टाकायला देतात. लाजून गप्प बसू नका, डॉक्टरांना विचारा. हात धरा, पाठ चोळा, केस विंचरून द्या. नवरा-बायकोच्या जवळिकीला डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर ती तोडायचं कारण नाही.

तो चिडेल. ताट ढकलेल, तुमच्यावरच ओरडेल, कारण ओरडायला दुसरं कुणी नाही. "मालक लईच चिडायलेत" असं एखादी सांगते तेव्हा वही काढून बघितलं तर बहुधा त्याच दिवसांत डोस कमी पडलेला असतो. आधी औषध तपासा. पाटी-पेन्सिल किंवा मोबाईल हाताशी द्या, म्हणजे दर वेळी खाणाखुणा करून माणूस थकणार नाही. भेटायला येणाऱ्यांची वेळ ठरवा आणि दारातच सांगा की सल्ले नकोत, जडीबुटी नको. माहूरला नवस बोला, घरात हरिपाठ म्हणा, मनाला आधार मिळतो. पण कुणी बाबा सांगतो म्हणून गोळ्या बंद होता कामा नयेत.

"मला आता नको जगणं" असं कुणी लिहून दाखवलं तर ते त्याच दिवशी मनावर घ्या. न आवरणारं दुखणं माणसाला तिथवर नेतं आणि आपल्या घरात फवारणीचं औषध कोपऱ्यात असतं. ते आजच बाहेर हलवा, कुलपात घाला. माणसाला एकटं सोडू नका, दुखण्याचा डोस वाढवून मागा, आणि १४४१६ या टेलिमानसच्या (मानसिक आधाराच्या) मोफत क्रमांकावर बोला; मराठीत बोलता येतं. तो क्रमांक तुमच्यासाठीही आहे.

आता खर्चाचं. उपचारांचा खर्च उचलणारी महात्मा फुले जन आरोग्य योजना २०१२ साली वेगळ्या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होतं, त्यामुळे इथल्या लोकांना ती माहीत आहे. अडचण आली तर १५५३८८ वर विचारा. घरी घ्यायची औषधं मात्र अनेकदा पदरमोड करून आणावी लागतात, म्हणून प्रत्येक भेटीत रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जाऊन या. कॅन्सर रुग्णांना संजय गांधी निराधार योजनेत अर्ज करता येतो, तो भोकरच्या तहसील कार्यालयात. गावातल्या आशाताईला घरी बोलवा, पाठपुराव्यात तिची मदत होते.

काही गोष्टी दिसल्या तर तारखेची वाट बघू नका. मानेच्या जखमेतून किंवा तोंडातून ताजं लाल रक्त आलं, थोडं येऊन थांबलं असेल तरीही. श्वास घेताना घरघर किंवा ओढ लागली. शंभरच्या वर ताप आला, विशेषतः किमो चालू असताना. दिवसभर पाण्याचा घोट गेला नाही. आणि काही महिने बरं गेल्यावर दुखणं नव्याने, एकाच जागी, दिवसेंदिवस वाढायला लागलं. शेवटच्या लक्षणाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. ते हाडाचं असेल, जंतुसंसर्गाचं असेल किंवा आजार परत आला असेल; तपासल्याशिवाय कळणार नाही.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा फाईल, उरलेल्या गोळ्यांची पाकिटं आणि वही, तिन्ही एका पिशवीत घ्या, आणि आत तुम्हीच जा. शिवाय तुम्ही स्वतः मिसरी लावत असाल, तंबाखू मळत असाल, तर त्याच खेपेला आपलंही तोंड तिथल्या डॉक्टरांना दाखवून घ्या; पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारा फोड, कमी उघडणारं तोंड, यांतलं काही असेल तर आदल्या रात्रीच वहीच्या नव्या पानावर लिहून ठेवा.